तीस किलोन्यूटनला जाणारी वीज

"ललिता, वेळ घालवू नको. हितेशचं जर्नल घे, आकडे उतरव, मी सही करतो," मी तिसऱ्यांदा सांगितलं.

"सर, हितेशनं तरी मशीन चालू बघितलंय का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी चिडलो. मास्तर लोक बहुतेक वेळा याच कारणानं चिडतात.

मी शहाद्याकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या पोरांना शिकवतो. आमच्या लॅबमध्ये यूटीएम नावाचं मशीन आहे. लोखंडी सळई दोन्ही टोकांना पकडायची आणि तुटेपर्यंत ताणायची, एवढंच त्याचं काम. किती लोडला सळई किती लांबली ते पोरांनी लिहून घ्यायचं. लोड किलोन्यूटनमध्ये मोजतात आणि त्या आकड्यांना रीडिंग म्हणतात. आमचं मशीन मी नोकरीला लागलो त्याच्याही आधीपासून बंद. तेल गळतं. दुरुस्तीची फाईल ऑफिसात सुखानं झोपलेली. दसऱ्याला मशीनला हार घालायचा आणि पुन्हा कव्हर ओढायचं, एवढाच आमचा संबंध.

जर्नलं मात्र दरवर्षी काठोकाठ भरलेली. सीनियरचं ज्युनियरकडे, ज्युनियरचं त्याच्या ज्युनियरकडे. ललिता पावराच्या जर्नलमध्ये आठ प्रयोग सुरेख लिहिलेले होते आणि नवव्या पानावर एकच ओळ: 'मशीन बंद असल्यामुळे रीडिंग घेतलेले नाही.'

आता यावर सही कशी करणार? सही नाही तर ओरल, म्हणजे तोंडी परीक्षा, नाही. ओरल नाही तर वर्ष गेलं. वर्ष गेलं की हॉस्टेलची जागा जाते. ललिता तोरणमाळची. तो घाट रोज चढून-उतरून डिग्री कोणी घेत नाही. हे मला कळत होतं आणि तिला माझ्याहून जास्त कळत होतं.

वर्गाचा सीआर, म्हणजे प्रतिनिधी, हितेश तिथंच उभा होता. पोरगा माझ्याच गावचा, रनाळ्याचा. तो म्हणाला, "लिखी टाक ना माय, तुन्हं काय जास? समदास्नी लिखेल शे."

ती त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "सर, याच्या जर्नलातली शेवटची टीप तुम्ही वाचलीय का?"

"साठ जर्नलांवर सह्या करायच्यात. वाचत बसू का?"

ती सही न घेताच निघून गेली. मी मनात म्हटलं, भोग आपल्या कर्माची फळं.

दोन दिवसांनी ओरल घ्यायला नाशिकहून एक्सटर्नल मॅडम आल्या. एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, आला की आमची पद्धत ठरलेली. आधी जेवण. शेवभाजी, दादर ज्वारीची भाकरी, वर तुपाचा शिरा. पोट तट्ट झालं की प्रश्न आपोआप कमी होतात. विभागाचे एचओडी चौधरी सरांनी तयारी चोख ठेवली होती. मॅडमनी पर्समधून डबा काढला, दोन पोळ्या खाल्ल्या आणि म्हणाल्या, "चला, जर्नलं द्या." चौधरी सरांचा चेहराच उतरला.

मॅडमनी पहिलं जर्नल उघडलं. नववं पान वाचलं. दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. मग चष्मा काढला.

"सर, तुमच्याकडे वीज मोठी वक्तशीर जाते."

"मॅडम, आमच्याकडे लोडशेडिंग..." चौधरी सर.

"ते ठीक. पण प्रत्येक पोराची वीज तीस किलोन्यूटनलाच गेलीय. आणि प्रत्येकानं वीस मिनिटांनी पुढची रीडिंग घेतलीत. वीज गेली की तेलाचा दाब उतरतो. नवी सळई लावून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. उरलेली रीडिंग घेतली कशी?"

त्यांनी हितेशला आत बोलावलं. "वीज किती वाजता गेली?"

"मॅडम, दुपारी."

पुढचा पोरगा म्हणाला, सकाळी. तिसऱ्यानं तर वीज गेलीच नव्हती म्हणून सांगितलं. त्यानं जर्नल मित्राकडून लिहून घेतलं होतं.

ती वीज माझी होती. मी याच कॉलेजात शिकलो. माझ्या प्रयोगाच्या वेळी तीस किलोन्यूटनला वीज गेली. परत येईपर्यंत पाचची बस चुकली असती. म्हणून मी तशी टीप टाकली, पुढचे आकडे अंदाजानं ठोकले आणि रनाळ्याला निघून गेलो. सरांनी दहापैकी नऊ दिले. तेच जर्नल पिढ्यान् पिढ्या उतरत आलं होतं, वीज गेलेल्या ओळीसकट.

मॅडमना दारात ललिता दिसली. हातात बिनसहीचं जर्नल. त्यांनी ती एक ओळ वाचली आणि मला विचारलं, "सर, हे खरं आहे?"

चौधरी सर मागून डोळ्यांनी खुणावत होते. माझी नोकरी कंत्राटी, दरवर्षी नवी ऑर्डर. नाही म्हटलं असतं तर ललिताचं वर्ष जात होतं, हो म्हटलं असतं तर माझी ऑर्डर. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण ती पोरगी सरळ माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्यासमोर फार लाज वाटली.

"खरं आहे," मी म्हणालो. "बाकीचं खोटं आहे. आणि ते सगळं माझं आहे."

मी तिथंच तिच्या जर्नलवर सही केली. मॅडमनी तिची ओरल अर्धा तास घेतली आणि तिला पास केलं. बाकीच्यांना म्हणाल्या, "प्रयोग करा, मग या. मशीन पंधरा दिवसांत चालू झालं नाही तर मी विद्यापीठाला लिहीन."

इतकी वर्षं न हललेली फाईल नवव्या दिवशी मोकळी झाली. तेल अडवणारं जे सील बिघडलं होतं, ते मुठीत मावेल एवढं होतं. मला मेमो मिळाला.

मग साठच्या साठ पोरं मशीनभोवती जमली. ललिताला यायची गरज नव्हती, तरी आली. ती आकडे वाचत होती, हितेश लिहीत होता. अठ्ठावीस किलोन्यूटन झाले आणि खरोखरच वीज गेली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी कोणी हसेना, मग कोणी थांबेना.

"सर, आते काय लिखू?" हितेशनं विचारलं.

"काही नको. बस."

बाहेर पाचची बस हॉर्न देऊन गेली. आम्ही दोघंही रनाळेकर तिथंच बसून राहिलो. सव्वा तासानं वीज आली. नवी सळई लावली, पहिल्यापासून सुरुवात केली. माझ्या जर्नलातली सळई जिथं तुटली होती, तिथून ही खुशाल पुढे गेली, बारीक होत होत ताणत राहिली आणि मग असा आवाज झाला की हितेश मटकन खाली बसला.

ललितानं वाकून आकडा दोनदा बघितला आणि मगच सांगितला. तिच्या नवव्या पानावर ती जुनी ओळ तशीच होती. खाली नवे आकडे आले. मी पुन्हा सही केली.

हा प्रयोग मी पाच वर्षं शिकवत होतो. सळई तुटताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.