पिशवी उलटी करा!

दवाखान्यातले किस्से गोळा करायला लागत नाय. आपोआप साचतात. आमच्या टेबलाखाली एक पत्र्याचा डबा आहे. लोकांच्या घरून आलेल्या जुन्या गोळ्या, तारीख गेलेल्या, उंदराने कुरतडलेल्या, सगळ्या त्यात टाकतो. डबा भरत आला की माझं डोकं पण भरत येतं. मग टपरीवर पोरं बोलतात, "गणपत, सांग ना एक!" मी सांगतो. ते हसून हसून चहा सांडतात. मला काय हसू येत नाय. कारण यातला निम्मा तमाशा माझ्या घरचा आहे. माझ्या बापाची किडनी खराब होत चालली होती, आणि मी हॉस्पिटलात कामाला असून नुसता बघत होतो.

मी शिकलेला आठवीपर्यंत. आमचं हॉस्पिटल अंबरनाथ-बदलापूरच्या मधे, चिखलोलीच्या पुढे, नाव कशाला सांगू. फार्मसीतून औषधं वॉर्डात पोचवायची, हे माझं काम. दुसरं काम मॅडमच्या हाताखाली. मॅडम म्हणजे क्लिनिकल फार्मासिस्ट. काउंटरवर गोळ्या विकणारी नाय. ती वॉर्डात फिरते. कुठलं औषध कुठल्याशी भांडतं, कोणाच्या किडनीला किती झेपतं, ते बघते आणि डॉक्टरला सांगते. पोर माझ्या भाचीच्या वयाची आहे, हेंद्रेपाड्याची, म्हणून मागे 'ती' बोलतो. समोर बरोबर 'तुम्ही' बोलतो.

तिचा नियम एकच. पेशंट भरती झाला की घरची औषधाची पिशवी आणायची आणि टेबलावर उलटी करायची. आख्खी! तिचा आवाज बारीक. म्हणून ओरडायचं काम माझं. "पिशवी उलटी करा!"

* * *

मॅडम नक्की कोण, हे हॉस्पिटलात कोणालाच कळत नाय.

उल्हासनगरचा एक सिंधी सेठ भरती होता. कपड्याचं दुकान, आवाज दुकानासारखाच मोठा. मॅडम त्याच्या फायलीत बघायला लागली.

"बेटा, तुम डॉक्टर हो?"

"नहीं अंकल."

"तो केमिस्ट?"

"वैसे नहीं. डॉक्टर जो दवाई लिखते हैं, वो मैं देखती हूँ. कुछ गलत लगा तो उनको बोलती हूँ."

सेठने डोळे मिटले, विचार केला, आणि बायकोला हाक मारली, "अरे सुनो! ये डॉक्टर की सास है!"

आख्खा वॉर्ड हसला. मॅडम पण हसली. पण त्या दिवसापासून लिफ्टवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळे तिला मागे सासूबाई बोलतात. एवढी वर्षं शिकली पोर, आणि हाताला काय लागलं? सासूबाई!

* * *

अंबरनाथचे एक साहेब होते. कंपनीतून ऑफिसर म्हणून रिटायर. त्यांचं बीपी काय केल्या उतरेना. डॉक्टर गोळी वाढवायला निघाले.

मॅडम बोलली, "थांबा सर. आधी पिशवी."

पिशवी नव्हतीच! डबा होता. सोमवार, मंगळवार लिहिलेले खण, एकदम साफ. मी बोललो, मॅडम, असा माणूस चुकणार नाय. मॅडमने बघितलं, सोमवारची गोळी खाल्लेली, मंगळवारची खाल्लेली, सगळं बरोबर.

मग तिने असंच विचारलं, "काका, काकूंचा डबा कुठे आहे?"

साहेब बोलले, "हाच. तिलाही बीपी, मलाही बीपी. गोळी सेम. मग एक दिवस मी घेतो, एक दिवस ही."

काकू बाजूलाच बसलेल्या. त्या बोलल्या, "आमचं सगळं असंच. आयुष्यभर काही एकट्याने खाल्लं नाही हो यांनी."

मला राग पण येईना. माझा राग तिथे पहिल्यांदा वाया गेला.

* * *

मांजर्लीची एक मावशी. पावसाळ्यात घरात पाणी घुसतं तिच्या. आता पाणी आलं की माणूस काय वाचवणार? हिने गोळ्या वाचवल्या. पाकिटं भिजतील म्हणून सगळ्या गोळ्या सोलून काढल्या आणि एका काचेच्या बरणीत भरल्या. साखरेची, बीपीची, थायरॉइडची, नवऱ्याची फिटची. सगळ्या पांढऱ्या. सगळ्या गोल.

साखर कधी तीनशे, कधी खाली पडून चक्कर. शेवटी आणली आमच्याकडे.

मी बोललो, "मावशी, पिशवी उलटी करा." तिने बरणी उलटी केली. टेबलावर चिरमुरे सांडल्यासारखं झालं.

मॅडमने डोक्याला हात लावला. "मावशी, यातली साखरेची कुठली, तुम्हाला कसं कळतं?"

मावशी बोलली, "चाटून बघते. कडू लागली की साखरेची!"

टपरीवर हा किस्सा सांगितला की लोक टेबल बडवतात. मला तिचं तोंड आठवतं. तिला वाटत होतं आपण शहाणपणाचं काम केलं. शाबासकी मिळेल म्हणून ती मॅडमकडे बघत होती.

* * *

आता मोठे डॉक्टर. हुशार माणूस, नाव मोठं, पण मॅडमचा फोन गेला की तापायचे.

एकदा मी फाईल घेऊन उभा होतो. मॅडम फोनवर, "सर, बेड नंबर चारच्या पेशंटची किडनी अर्धीच चालतेय. ही दुखण्याची गोळी नको."

पलीकडून आवाज मला पण ऐकू आला, "केमिस्टने खाली बसावं! वर काय करायचं ते मी बघतो."

मी बोललो, मॅडम, द्या फोन मला, मी सांगतो त्याला. तिने फोन छातीशी धरला. "गणपतदादा, तुम्ही गप्प बसा."

दुपारी गुपचूप ती गोळी बंद झाली. मॅडमला कोणी काय बोललं नाय.

पुढे काय झालं, त्यांची आई आजारी पडली. डॉक्टर स्वतः खाली आले. लिफ्टने नाय, जिन्याने, कोणी बघू नये म्हणून. हातात आईची पिशवी. मॅडमच्या टेबलावर स्वतःच्या हाताने उलटी केली आणि बारीक आवाजात बोलले, "जरा बघून घ्या ना, प्लीज. माझा विश्वास दुसऱ्या कोणावर नाही."

मॅडमने तीन गोळ्या बाजूला काढल्या. म्हातारी आठवड्यात उठून बसली!

सोमवारी राउंडला डॉक्टर पुन्हा बोलले, "ती केमिस्ट कुठे गेली?"

* * *

आता माझ्या घरचं.

आमचं गाव बारवी धरणाच्या अंगाला. बाबाच्या पायाला सूज आली, तोंड सुजलं. मी उचलून हॉस्पिटलात आणला. रिपोर्ट आला, किडनी खराब होत चाललीय. मॅडम बोलली, "बाबांची पिशवी?"

मी स्वतः उलटी केली. एक बीपीची गोळी, एक कैलास जीवनसारखं मलम, एक तुटकी चिलीम. बस्स! मॅडम बोलली, दुसरं काहीतरी आहे. मी बोललो, "मॅडम, माझा बाप आहे. खोटं बोलणार नाय."

ती बाबाजवळ स्टूल घेऊन बसली. गुडघ्यांची चौकशी केली. "बाबा, या वयात तुमचे गुडघे एवढे चांगले कसे?"

बाबा खुलला! "बाय, मी आजून डोंगर चढतंय! आमच्या बाजारात एक मानूस पुडी देतं. सकाळी येक, रातीला येक. सगला गाव घेतंय." आणि तंबाखूच्या चंचीतून कागदाची पुडी काढली. आत पांढऱ्या गोळ्या. नाव नाय, गाव नाय.

मॅडम माझ्याकडे वळली. बोलली, दुखण्याची गोळी आहे, आणि बहुतेक स्टिरॉइड पण. वर्षानुवर्षं पोटात जातेय. आज बंद केली तर किडनी कदाचित टिकेल. नाय केली तर मशीन.

माझी खोपडी सटकली. वॉर्डात मी बापावर असा ओरडलो की बाजूच्या पेशंटने घाबरून स्वतःची पिशवी उलटी केली!

बाबाने डोळ्यात पाणी आणलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुजी शपत. सोरली."

* * *

बाजाराच्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि त्या पुडीवाल्याला शोधलं. झाडाखाली मोटरसायकल लावलेली, हँडलला थैली. समोर म्हातारे ओळीने बसलेले. कोण काठी टेकून, कोण सुनेच्या आधाराने. दहा पावलं चालवत नव्हती त्यांना.

मी सरळ गेलो आणि त्याची कॉलर धरली. "भडव्या, माझ्या बापाला काय चारतोस?"

एक कानाखाली दिली. दुसरी द्यायला हात उचलला, तर मागून पाठीत काठी बसली. मग दुसरी. मग तिसरी!

आख्खी ओळ उभी राहिली होती. ज्यांना उठता येत नव्हतं ते सगळे उठले आणि मला धुतला. एक म्हातारी तर पळत आली!

"गुडघ्याचा डॉक्टर हाय आमचा! हात लावतंस?"

मॅडमला माझी पाठ दाखवली. ती मलम देताना बोलली, "मारामारीने होणार नाही. मी येते गावात. समजावून सांगते."

* * *

आली. रविवारी, स्वतःच्या सुट्टीत, माझ्या बाईकवर मागे बसून. देवळाच्या ओट्यावर सतरंजी टाकली. निम्मा गाव जमला. बाबा पुढेच बसलेला.

आणि काय बोलली पोर! हातवारे करून, साध्या भाषेत. किडनी म्हणजे गाळणी. गाळणी फाटली की घाण रक्तात. पुडी गुडघा बरा करत नाय, फक्त दुखणं झोपवते आणि तिकडे गाळणी फाडते. बायका च्यक च्यक करत होत्या. म्हातारे माना हलवत होते. मला वाटलं, झालं काम! माझ्या पाठीवरचे वळ फुकट नाय गेले.

शेवटी तिने विचारलं, "कोणाला काही विचारायचंय?"

माझा सख्खा चुलता उठला. हात जोडले. "बाय, तू लय चांगलं सांगलंस. येकच अरचन हाय. तो मानूस गुरवारचाच येतं. तुमच्या हास्पिटलात ती पुडी रोज भेटंल का?"

सगळ्यांनी माना हलवल्या. बाबाने पण!

परत निघालो. बदलापूर आलं तेव्हा मागून आवाज आला, "गणपतदादा, माझ्या सांगण्यात कुठे चुकलं?"

मी बोललो, "तुमचं काय चुकलं नाय मॅडम."

"मग?"

मी हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं, तरी वाजवला.

* * *

पावसाळा संपता संपता बाबा मशीनवर आला. डायलिसिस. आठवड्यातून दोनदा. आमच्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर. मॅडम दर वेळी येऊन त्याची फाईल बघायची. एक दिवस बोलली, "दादा, थोडा उशीर झाला आपल्याला." मी बोललो, "'आपल्याला' नका बोलू. त्याला झाला." तरी तिचा चेहरा पडलेलाच.

पुडी मात्र सुटली, असं मी धरून चाललो होतो. चंची मी स्वतः जाळली होती.

परवाची गोष्ट. मी सलाईनची खोकी घेऊन वर गेलो. दारातूनच बाबा दिसला. एका हातात दोन जाड सुया, लाल नळ्या, बाजूला मशीन घरघर करतंय. त्याचं रक्त बाहेर जाऊन धुऊन परत येतंय. तिथली सिस्टर त्याचं बीपी बघत होती. चांगली बाई. दिवसभर उभी असते. वाकताना तिने गुडघा धरला आणि "आई गं" केलं.

बाबा बोलला, "काय गं बाय, गुरघा?"

"हो ना बाबा. जिना उतरवत नाही. रात्र रात्र ठणकतो."

बाबाने मोकळा हात बंडीच्या आत घातला. आतल्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"ही घे. माजे गुरघे बघ कसे हायत, पोरासारखे!"

सिस्टरने मशीनकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं, मी खोकी घेऊन उभा होतो तिथे. मग पुडी एप्रनच्या खिशात टाकली आणि बाबाच्या कानाशी वाकून हळूच विचारलं,

"बाबा, जेवणाआधी की जेवणानंतर?"