काळ्या पाइपाचा आर्म

विसरवाडीच्या फाट्यावर माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. पाण्याच्या मोटरी जळतात, लोक आणतात, मी त्यांत नवी तार भरतो. ह्या कामातला माणूस रिमोटच्या गाड्यांच्या नादाला कसा लागला, असं लोक विचारतात. नवापूरकडच्या एका शाळेतले गुरुजी एकदा हातभर लांबीची बग्गी घेऊन आले होते. तिची मोटर जळाली होती. दुरुस्त करून दुकानामागच्या मोकळ्या जागेत मी ती पळवून पाहिली. दगडावरून उडाली, पडली, सरळ झाली आणि परत पळाली. महिनाभरात मी स्वतःची घेतली.

पुढे आठ-दहा जण झालो. त्यांत चिंचपाड्याजवळ राहणारी एक नर्स होती, तिला सगळे सिस्टर म्हणत. तिच्या सासऱ्यांचं भाताचं शेत कापणीनंतर रिकामं पडायचं. तिथेच आम्ही फावड्यानं उंचवटे केले, वळणं आखली. महिन्यातून एका रविवारी, तिच्या घरची मंडळी प्रार्थनेहून आली आणि जेवणं झाली की शर्यत लागायची.

पहिल्याच वर्षी भांडण झालं. एकानं कुठूनतरी चाकांना धरणारे ॲल्युमिनियमचे आर्म, तेलाचे भारी शॉकअप आणि ब्रश नसलेली वेगवान मोटर मागवली. त्याच्या गाडीपुढे आमच्या गाड्या उभ्याच आहेत असं वाटायचं. तेव्हा दोन वर्ग केले. खुल्या वर्गात हवं ते बसवा. साध्या वर्गात मात्र खोक्यातून निघाली तशीच गाडी, ब्रशची मोटर, एकाच जातीचे टायर. नियम मी लिहिले. मोटरची तार बदलून वेग वाढवणं माझ्या डाव्या हातचा मळ होता, आणि तेच मी पहिल्या कलमात बंद केलं. त्याचा मला अभिमान होता. गाड्या तपासायचं कामही मग माझ्याकडेच आलं.

मोलगीचा जीपवाला आमच्यात आला तो अपघातानंच. एका पेशंटला चिंचपाड्याच्या दवाखान्यात सोडून परत जाताना त्याचा स्टार्टर माझ्या दुकानासमोर बंद पडला. मी काम करेपर्यंत तो टेबलावरच्या बग्गीकडे बघत बसला. शेवटी म्हणाला, "दादा, हिचे पुढचे दोन्ही आर्म वेगळे हलतात. माझ्या जीपला हे असतं तर घाटात कंबर वाचली असती." गुरुजींनी तेव्हा नवी गाडी घेतली होती, त्यांची जुनी त्यानं घेतली. मोलगीहून इथवर यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, तरी तो दोन महिन्यांतून एकदा यायचाच.

गाडी तो वेगळ्याच पद्धतीनं चालवायचा. आम्ही सरळ रस्त्यावर वेग मारायचो, तो उंचवट्याच्या आधी वेग कमी करायचा. तिसऱ्या का चौथ्या वेळी साध्या वर्गाच्या शेवटच्या फेरीत तो पहिला आला. मी दुसरा.

शर्यत संपली की पहिल्या तीन गाड्या टेबलावर उघडायच्या, असा नियम होता. मी त्याची गाडी उलटी केली. पुढचा डावा आर्म कंपनीचा नव्हता. जाडसर, काळा, कडेला कानशीच्या खुणा.

"हे काय आहे?"

"पाण्याचा पाइप. मूळचा तुटला. मागवला होता, पण मोलगीपर्यंत पार्सल आलंच नाही. मग पाइप तापवून सपाट केला, घासला."

मी वही काढून कलम वाचलं. प्रत्येक भाग कंपनीचाच आणि मूळ मापाचा हवा. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "असा जुगाड साध्या वर्गात चालत नाही. गाडी बाद."

त्यानं गाडी उचलली, पिशवीत ठेवली. पहिला नंबर माझा झाला. बक्षीस म्हणून स्टीलची बरणी असायची, ती सिस्टरच्या सासऱ्यांनी माझ्या हातात दिली. सिस्टर शेजारीच उभी होती. तिनं सहज विचारलं, "तुमची गाडी कोण तपासतं, दादा?"

"बघा ना तुम्ही," असं म्हणून मी वरचं कव्हर उचललं. मोटर मूळची, बॅटरी मूळची. तिनं मान हलवली. चाकं काढून कोणी पाहिलं नाही. मीही काढली नाहीत.

दोन दिवसांनी दुकानात टायर बदलायला मी चाक काढलं आणि हात थांबला. आत बेअरिंग चमकत होती. कंपनीकडून तिथे बुश, म्हणजे प्लॅस्टिकच्या साध्या कड्या येतात. माझ्या बुश धुळीनं खाल्ल्या होत्या, आणि सुरतेहून तार आणताना त्याच मापाची बेअरिंग दिसली म्हणून मी घेतली होती. कधी बसवली तेही आठवेना. मी खोटं बोलण्यासाठी बसवली नव्हती. दुरुस्ती म्हणून बसवली आणि विसरून गेलो. पण चाक बोटानं फिरवलं तर ते फिरतच राहिलं. बुशचं चाक असं फिरत नाही, हे मला कळत होतं.

त्या दिवशी मी कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. स्वतःशी हिशोब घालत होतो, की बेअरिंगनं असा किती फरक पडतो, मी एरवीही दुसरा आलोच होतो. पण मी केलं ती दुरुस्ती आणि त्यानं केला तो जुगाड, हे कुठल्या कलमात लिहिलं होतं, ते काही मला सापडेना.

आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मी मोलगीला गेलो. स्टँडवर त्याची जीप भरत होती. डोंगरातली माणसं बाजार करून टोपल्या घेऊन टपावर चढत होती. मला बघून त्यानं पुढच्या सीटवर जागा केली. मी खिशातून बेअरिंग काढली आणि सगळं सांगितलं.

त्यानं ती तळहातावर घेऊन फिरवली. "चांगली आहे," म्हणाला.

"तुम्हाला राग आला असेल."

"बाद केलं त्याचा नाही. नियम तुम्ही वाचून दाखवला, बरोबर होता. पण तुम्ही त्याला जुगाड म्हणालात. मी तीन दिवस घासत होतो तो आर्म. दोनदा फेकला, तिसऱ्यांदा बसला." थोडा वेळ तो मागे कोण चढतं ते बघत राहिला. "तुम्ही मोटरीत तार भरता, त्याला लोक काय म्हणतात?"

मी माफी मागितली. तो संकोचला, त्यानं चहा मागवला. जीप भरली तेव्हा एवढंच म्हणाला, "नियम ठेवा. नाहीतर ज्याच्या दारात पार्सल येतं तोच जिंकेल. पण आमच्याकडे ते येत नाही, हेही त्यात लिहा."

पुढच्या शर्यतीच्या रविवारी मी बरणी टेबलावर ठेवली आणि सगळ्यांसमोर झालेलं सांगितलं. गुरुजी माझे जुने मित्र, तेच पहिल्यांदा चिडले. मग कोणीही काहीही आणेल, नियम लिहिलेत कशाला, असं ते घरच्या अहिराणीतच बोलले, "मंग आते कोणी बी काही बी लई ई! नियम कसाले लिखेल शेत?"

सिस्टरनं त्यांना शांत केलं. दवाखान्यात असते तशी ती बोलत होती, आवाज न चढवता. "बुश सगळ्यांच्याच खराब होतात. बेअरिंग सगळ्यांनाच चालू द्या. हातानं बनवलेला भागही चालू द्या, पण धातूचा नको, आणि मूळ भागापेक्षा हलका नको. काटा मी आणते." बरीच वादावादी झाली. हलका म्हणजे किती, जाड चालेल का, लवचीक असेल तर तो फायदाच नाही का? गुरुजींचा शेवटचा मुद्दा खरा होता. पाइपाचा आर्म वाकतो, तुटत नाही, आणि शर्यतीत तो फायदाच आहे. ह्याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं. आम्ही ते तसंच सोडून नियम लिहून टाकला. तपासणी सिस्टरकडे गेली, आणि तिची गाडी गुरुजींनी तपासायची असं ठरलं. माझ्याकडे ते काम राहिलं नाही ह्यानं मला हलकं वाटलं आणि थोडं वाईटही.

मला वाटलं होतं जीपवाला परत येणार नाही. नियम बदलल्याचं मी फोनवर कळवलं होतं, तो नुसतं "बरं" म्हणाला होता. पण शेतात नांगर लागायच्या आधीच्या शेवटच्या शर्यतीला तो आला. बायकोही सोबत होती, ती बांधावर सिस्टरच्या सासूजवळ जाऊन बसली. गाडीला आता चारही आर्म काळे होते.

त्या दिवशी तो तिसरा आला, एका वळणावर माझीच गाडी त्याच्या आड आली होती. तपासणीच्या वेळी सिस्टरनं एकेक आर्म सोडवून काट्यावर ठेवला. तो टेबलाला दोन्ही हात टेकून आकडे बघत होता. चारही मूळच्यापेक्षा जड भरले. तिनं वहीत वजनं मांडली आणि पुढे रकान्यात लिहिलं, "भाग स्वतः बनवलेला. चालतो." त्यानं ती ओळ बोट फिरवत सावकाश वाचली, मग बायकोला हाक मारली आणि तिलाही दाखवली.