तेजूची दुसरी दहावी

आमच्या दारव्ह्यात कापूस घरातच भरून ठेवतात. आधी मागची खोली भरते, मग मधली भरते, मग माणसं ओसरीत सरकतात आणि अंग खाजवत बसतात. किश्शांचंही तसंच आहे. माझा मुलगा प्रदीप, सून वर्षा आणि नात तेजू जर्मनीला गेली, त्या एका वर्षात माझ्याकडे इतके साचले, की आता मलाच बसायला जागा नाही. मी शाळेत गेले नाही. लिहून ठेवायची सोय नव्हती, सगळं डोक्यातच रचलं. आज थोडं बाहेर काढते.

०

प्रदीप लोहाऱ्याच्या एमआयडीसीत सूत काढायच्या मशिनी दुरुस्त करायचा. रोज सकाळी जायचा, संध्याकाळी हाताला ग्रीस घेऊन यायचा. एक दिवस पेढे घेऊन आला.

"आई, नोकरी लागली!"

"काहून? होती ते गेली का?"

"तसं नाही व आई. जर्मनीत लागली. ह्या मशिनी तिथूनच येतात."

"मशीन इथं बिघडते, अन् तू दुरुस्त करायले तिथं जाशीन?"

त्यानं माझ्या हातावर पेढा दिला.

सगळ्यांनी पेढा खाल्ला. तेजूनं हातातच धरून ठेवला. ती तेव्हा अकरावी पास झाली होती, आर्ट्सची. भूगोल तिचा जीव की प्राण. नकाशा काढायला बसली की जेवायला तीन हाका माराव्या लागत. ती म्हणाली, "बाबा, माही बारावी?"

प्रदीप म्हणाला, "तिथंही शाळा असते ना."

असते. पण ती कशी असते ते पुढच्या आठवड्यात कळलं. पोरीला तिथली भाषा येत नाही, म्हणून आधी काही महिने भाषेचा वर्ग, आणि मग दहावी. जी दहावी ती गेल्याच वर्षी पास होऊन बसली होती, ती!

तेजूनं पेढा त्याच दिवशी परत डब्यात ठेवला होता. आता बोलली, "तुम्ही जा. मी आजीजवळ राहीन, बारावी इथंच करीन."

वर्षा रडली. प्रदीप चिडला. मला फार बरं वाटलं. ते मी कोणाला दाखवलं नाही.

०

आमच्याकडे बातमी एका दारातून निघते ती दुसऱ्या दारात पोचेपर्यंत जेवून-खाऊन जाड होते. दोन दिवसांनी शेजारच्या सुमनबाई वाटीत शेवया घेऊन आल्या. पदरानं डोळे पुसत होत्या.

"जाऊ द्या, बाई. मनाले लावून नका घेऊ. आमचा पुतण्या तीन वेळा बसला दहावीले. आज पंपावर मॅनेजर आहे."

मी म्हटलं, "सुमनबाई, आमची पोरगी पास आहे."

"मंग दहावीत काहून बसवून राह्यले?"

"भाषा येत नाही म्हणून."

"तेच तं म्हणतो मी. आमच्या पुतण्याचाही भाषेतच गेलता!"

त्यांना काय सांगायचं? मी शेवया ठेवून घेतल्या.

आमचे दीर नानाजी समोरच राहतात. त्यांचं दुःख वेगळं होतं. तेजू दहावी पास झाली तेव्हा त्यांनी चौकात फ्लेक्स लावला होता. मध्ये तेजूचा मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांत त्यांचा तिच्याहून मोठा. ते माझ्या ओसरीत येऊन बसले.

"वहिनी," म्हणाले, "ही पोरगी तिथं पुन्हा दहावी पास झाली, तं पुन्हा फ्लेक्स लावा लागीन का?"

०

मग तिथल्या शाळेच्या मॅडमचा व्हिडिओ कॉल ठरला. वर्षानं मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला. समोर तेजू बसणार, एवढंच ठरलं होतं. प्रत्यक्षात तेजू, तिच्या एका बाजूला प्रदीप, दुसऱ्या बाजूला वर्षा, मागे मी, माझ्यामागे इस्त्रीचा सदरा घालून नानाजी, आणि वाटी परत न्यायला आलेल्या सुमनबाई.

मॅडम पांढऱ्या केसांची, शांत. इंग्रजीत बोलली. तेजूनं आम्हाला सांगितलं, "विचारून राह्यली, इकडं यायचं तं तुले काय वाटते?"

प्रदीप म्हणाला, "शी विल अ‍ॅडजस्ट."

वर्षा म्हणाली, "व्हेरी सिन्सिअर गर्ल."

नानाजी उभे राहिले. "टेन्थ! नाइन्टी वन पर्सेंट!" आणि पुन्हा बसले.

सुमनबाई मागून म्हणाल्या, "भाषा तेवढी कच्ची आहे म्हणा."

मॅडमनं वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग चष्मा काढून एकच वाक्य बोलली. तेजूचा चेहरा लाल झाला.

"काय म्हणते व?" मी विचारलं.

"म्हणते, ज्याले शाळेत जायचं आहे, आता त्याले बोलू द्या."

आमच्या घरात इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. गॅसवरच्या कुकरनंसुद्धा शिट्टी दिली नाही. तेजू मोबाइलच्या अगदी जवळ सरकली आणि आम्हाला ऐकू येणार नाही इतक्या हळू आवाजात काहीतरी बोलली. मॅडम मान हलवत होती. मग फोन बंद झाला.

सगळे एकदम तुटून पडले. "काय सांगतलं? काय सांगतलं तिले?"

तेजू उठली, वाटी सुमनबाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, "ते मॅडमले सांगतलं."

०

त्यानंतर मात्र एक रस्ता निघाला. तेजूनं बारावीचा बाहेरून बसायचा फॉर्म भरायचा, पुस्तकं सोबत न्यायची, तिथल्या शाळेत जाऊन पाहायचं. जानेवारीचं परतीचं तिकीट आधीच काढून ठेवायचं. मन लागलं नाही तर परत येऊन परीक्षा द्यायची आणि माझ्याजवळ राहायचं. लागलं तर तिकीट रद्द.

मी लगेच हो म्हटलं. जानेवारी काय लांब असतो? शेतातली तूर निघेपर्यंत पोरगी दारात.

०

एका बॅगेला तेवीस किलोच चालतात म्हणे. आमच्या घरी काटा नाही. मग प्रदीपनं बॅगा ऑटोत घालून गजूभाऊंच्या दुकानी नेल्या. गजूभाऊ कापूस आणि सोयाबीन घेतात, त्यांचा काटा तालुक्यात एक नंबर. मीही सोबत गेले. तेजूची बॅग काट्यावर ठेवली. गजूभाऊंनी चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाले, "तेवीस. न्या बिनधास्त."

नागपूरच्या विमानतळावर तीच बॅग पंचवीस भरली!

काउंटरवरची पोरगी म्हणाली, दोन किलो काढा. प्रदीप तिच्याशी वाद घालायला लागला, की आमच्या इथला काटा चुकत नाही. शेवटी तिथूनच गजूभाऊंना फोन लावला, स्पीकरवर.

गजूभाऊ म्हणाले, "पंचवीसच होती ना, बाप्पा. दोन किलो मी बारदानाचे अन् ओलाव्याचे कापले."

"गजूभाऊ, ते बॅग होती!"

"आता सवय आहे, त्याले काय करता?"

मागे रांग उभी. बॅग उघडली. वर माझी तुरीची डाळ, बरोबर दोन किलो, घरच्या शेतातली. खाली तेजूची बारावीची पुस्तकं. वर्षानं पुस्तकांना हात घातला. तेजूनं तिचा हात धरला, डाळ काढली आणि माझ्या हातात दिली.

"आजी, जानेवारीत येऊन खाईन," म्हणाली.

ते विमानात गेले, मी डाळ घेऊन बसनं दारव्ह्याला आले. दुसऱ्या दिवशी तीच डाळ शिजवली. चांगली शिजली. ओलावा अजिबात नव्हता.

०

तिथं गेल्यावर तेजूचा फोन दर रविवारी यायचा. हिरवं बटण दाबलं की दिसते, एवढं मी शिकले. पहिले काही महिने तिच्याकडे सांगायला फार नसायचं.

"शाळेत काय झालं?"

"काही नाही."

"बाजूले कोण बसते?"

"एक पोरगा. त्याले अजून मिशी नाही फुटली."

एकदा मात्र सांगितलं. भाषेचा वर्ग संपून दहावीत बसवलं, त्या पहिल्या दिवशी मास्तर वर्गात आले. तेजू उभी राहिली. बाकी सगळे बसलेले. मास्तरांना वाटलं, हिला काही हवं आहे. त्यांनी खिडकी उघडली. ती उभीच. त्यांनी खिडकी बंद केली. ती उभीच. मग त्यांनी तिला बाहेर संडासाची वाट दाखवली.

"मंग?" मी विचारलं.

"जाऊन आली."

"आता?"

"आता बसूनच राह्यतो. पण पाय उठतात, आजी."

मी फोन ठेवला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण लगेच मनात आलं, बरं आहे. नाही लागत मन, तर येईल. असं मनात आलं, हे मी आता कबूल करते.

०

दिवाळीनंतर वर्षाला शाळेत बोलावलं. पोरगी हुशार आहे, लिहिते चांगलं, पण वर्गात तोंड उघडत नाही, अशी तक्रार. तिथं म्हणे वर्गात बोलायचे मार्क असतात! पेपराएवढेच. वर्षा बिचारी गांगरली. आमच्या तेजूच्या प्रगतिपुस्तकावर पहिलीपासून एकच वाक्य, 'वर्गात शांत असते', आणि तेच आम्ही पाहुण्यांना कौतुकानं वाचून दाखवायचो. म्हणजे बाकीचे वाचायचे, मी मान हलवायचे.

वर्षानं हे फोनवर सांगितलं तेव्हा नानाजी आणि सुमनबाई माझ्याकडेच बसले होते.

नानाजी म्हणाले, "बोलायचे मार्क? मंग सुमनबाईले पाठवा ना!"

सुमनबाईंनी राग मानला नाही. विचार केला आणि म्हणाल्या, "पासपोर्ट नाही माह्याजवळ."

०

डिसेंबर लागला तशी मी मागची खोली रिकामी केली. कापूस मधल्या खोलीत सरकवला, मागच्या खोलीला चुना मारून घेतला. बाजारातून टेबल आणलं. नानाजींनी नवा बल्ब लावला. सुमनबाईंनी आख्ख्या गल्लीला सांगून टाकलं, पोरगी परीक्षेले येऊन राह्यली, कोणी टीव्ही मोठ्यानं लावू नका. परीक्षेला अजून दोन महिने होते. गल्लीनं आवाज तेव्हापासूनच कमी केला.

आणि मग तो रविवार आला. मी ओसरीत तूर निवडत होते. फोन वाजला. तेजू त्यांच्या घराच्या दारात बसलेली, मागे इमारतीचा जिना दिसत होता.

"आजी, बाबा विचारते, तिकीट ठेवायचं का रद्द करायचं. उद्या शेवटचा दिवस आहे."

"तुले काय वाटते?"

"मले नाही समजत. तू सांग. तू म्हणशीन तसं करीन."

आता हे माझ्याच हातात आलं. मी काय म्हणणार होते, ते मला सहा महिन्यांपासून पाठ होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात जिन्यात काहीतरी खडखडलं. तेजूनं मागे पाहिलं, "एक मिनिट, आजी," म्हणाली आणि उठून गेली. फोन तिथंच उभा राहिला.

मला जिना दिसत होता. जिन्याखाली एक सायकल. एक उंच म्हातारी बाई, लोकरीची टोपी घातलेली, ती सायकल दाराकडं ओढत होती. तेजूनं मागचं कॅरिअर धरलं. म्हातारी काही बोलली. तेजू काही बोलली. म्हातारी जोरात बोलली. मग आमच्या तेजूनं डावा हात कमरेवर ठेवला, उजव्या हाताचं बोट नाचवलं, आणि जी सुरू झाली! तिथल्याच भाषेत. श्वास घ्यायला थांबली नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात हापशीवर नंबरावरून बाया भांडतात, अगदी तश्शी. म्हातारी दोन शब्द बोलायची, ही वीस. मला एक अक्षर समजत नव्हतं. मी तुरीची ताटली बाजूला ठेवली आणि पाहत बसले. वर कोणाचं तरी दार उघडलं, कोणीतरी डोकावलं. तेजूनं त्यालाही मान वर करून दोन वाक्यं सुनावली. शेवटी म्हातारीनं सायकल सोडली, आणि तेजूनं ती ओढून परत जिन्याखाली लावली, कुलूप घातलं, ओढून पाहिलं.

मग केस मागे सारत येऊन बसली. गाल लाल.

"शेजारची बाई आहे, आजी. माही सायकल बर्फात काढून ठेवते. तिसऱ्यांदा! मी तिले सांगतलं, घरमालकाचा कागद दाखव, इथं सायकल ठेवू नाही म्हणून." थोडा दम घेतला. "हां. तिकिटाचं काय म्हणत होती तू?"

मी म्हटलं, "रद्द करायले सांग बापाले."

"काहून?"

"तू इकडं आली, अन् त्या बाईनं पुन्हा सायकल काढली, तं कोण पाहीन?"