खांद्यावरचा हात कोणाचा?

ऐंशीच्या दशकात मी पवईला एम.टेक. करत होतो आणि घाटकोपरला मामाच्या चाळीत राहत होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. प्रोजेक्टचा विषय मीच हौसेने मागून घेतला होता. फोटोत माणसाचं जेवढं शरीर दिसतं, त्यावरून न दिसणारे हातपाय कुठे असतील ते कॉम्प्युटरने सांगायचं. फोटोवर चौकटी आखून दिसणाऱ्या सांध्यांचे आकडे मी टाइप करायचो. प्रोग्रॅम उरलेले सांधे शोधून काड्यांची माणसं छापायचा.

एकट्या माणसाचं जमलं. सर म्हणाले, "आता घोळक्याचं करा. नाही जमलं तर विषय बदलू." म्हणजे सगळं पहिल्यापासून. आणि तिकडे बाबांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलेलं, पोरगा यंदा पास होतोय.

घोळका चाळीच्या पटांगणातच मिळाला. पोरं दहीहंडीचा सराव करत होती. खालच्या थरात मामेभाऊ. सगळे गोल करून, तोंडं आत, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून उभे. मी फोटो काढला, आकडे भरले. छापून आलं ते असं: मामेभावाला चार हात, शेजारच्याला एकही नाही.

मामेभाऊ तो कागद घेऊन चाळभर फिरला. "बघा रे, ह्याने माझा देव केला! नारळ आणा!" मग मला म्हणाला, "लांबून काय बघतोस यार? थरात ये ना."

मामीच्या हातात कॅमेरा देऊन मी गोलात शिरलो. दोन्हीकडच्या खांद्यांवर हात टाकले. वर कोणीतरी चढलं, तशी मान खाली गेली. माझ्या खांद्यांवर दोन पंजे होते आणि दोन्ही दुसऱ्यांचे. प्रोग्रॅम मात्र प्रत्येक पंजा सगळ्यात जवळच्या खांद्याला जोडत होता. पण स्वतःच्याच खांद्यावर हात ठेवला तर कोपर दुमडून बाहेर येईल, ते दिसेल. दिसत नाही, म्हणजे हात शेजाऱ्याचा! तिथेच वाकलेल्या मानेने मी हसत सुटलो.

"अरे, तू खंय आसस? दिसनस नाय!" मामी ओरडली.

"काढा तसाच!" मी आतून म्हणालो.

नवा नियम घालून मी मामीने काढलेल्या फोटोवर प्रोग्रॅम चालवला. सरांनी छापील कागद आणि फोटो शेजारी ठेवले. पेन्सिल एका जागी थांबली.

"इथे फोटोत माणूसच नाही. दोघांच्या खांद्यांवर एकेक पंजा, आणि मधे पुढच्याचं डोकं. तुमच्या प्रोग्रॅमने मात्र अख्खा माणूस उभा केलाय. खरा कशावरून?"

"खरा आहे, सर. तो मीच."

सर मोठ्याने हसले. "मग विषय हाच ठेवा," म्हणाले.

संध्याकाळी कागद मामीला दाखवला. त्या काड्यांच्या माणसावर बोट ठेवून ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"हां, आता दिसलस," ती म्हणाली. "पण किती रे वाळलस!"