एका ओळीचं टेबल

"लशीच्या बाळांची ही यादी गेल्या खेपेपेक्षा एवढी लांब कशी?" डॉक्टर मॅडमनी प्रिंटआऊट माझ्यापुढे टाकलं. "दोनला जीप आंजी गावाला निघते. नऊ महिने पुरे न झालेल्या बाळाला गोवराची लस द्यायची नाही. अन् मजुरी बुडवून आलेली बाई परत पाठवली की ती पुन्हा फिरकत नाही."

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. वर्ध्याच्या एका आरोग्य प्रकल्पात मी प्रोग्रामर होतो. जन्मतारखेवरून वय महिन्यांत काढायला या खेपेला मी पहिल्यांदाच फंक्शन वापरलं होतं. फंक्शन म्हणजे तयार हिशेब. तारीख द्या, उत्तर घ्या. ते नीट चालतं का हे तपासायला मी आता एक तारीख दिली. पण त्या सिस्टीमवर एसक्यूएल या संगणकाच्या भाषेत प्रश्न कुठल्यातरी टेबलाला, म्हणजे तक्त्याला, विचारावा लागे. मी बालकांचं टेबल दिलं. त्यात तीन हजार ओळी. प्रिंटर ओळीगणिक तेच उत्तर छापत सुटला.

शेजारी कुसुमताई बसायच्या. मॅट्रिक झालेल्या, रेकॉर्ड रूममधून डेटा एन्ट्रीला आलेल्या.

"भाऊ, एकच गोष्ट विचाराची हाय, तं तीन हजार लेकराईले काऊन विचारून राह्यले?"

"मग कोणाला विचारू?"

त्यांनी कीबोर्ड ओढला आणि नवं टेबल बनवलं. एक रकाना, एक ओळ, त्यात नुसती फुली.

"फुली कशाला?"

"काई बी चालते. ओळ एकच पाह्यजे, बस."

मग स्वतःच्या नातीची जन्मतारीख देऊन त्या टेबलाला तिचं वय विचारलं. स्क्रीनवर एकच आकडा आला: नऊ.

"खोटं हाय," कुसुमताई म्हणाल्या. "पोरगी साडेआठाच्या वर पाच दिवस गेली. नऊची व्हाले धा दिवस बाकी हायेत."

मी प्रोग्राम उघडून पाहिला. मी 'राऊंड' लावलं होतं. ते अर्ध्याच्या पुढचं सगळं वर ढकलतं. हवं होतं 'ट्रंक'. ते वरचे दिवस सरळ सोडून देतं. पुण्याला शिकून आलेल्या मला जे दिसलं नाही, ते या बाईनं दोन मिनिटांत पकडलं. मी दुरुस्ती केली. नात आठची झाली. ताईंच्या घराशेजारचं नऊ पूर्ण झालेलं पोरगं नऊचंच राहिलं.

"आता छापा," ताई म्हणाल्या.

जीप अर्धा तास उशिरा निघाली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी सांगितलं, यादीतली एकही बाई परत पाठवावी लागली नाही. मी कुसुमताईंचं नाव सांगितलं.

तेव्हापासून एक नियम पाळला. तीन हजार वेळा छापल्यानं उत्तर खरं होत नाही. मशीनला आधी तेच विचारावं, ज्याचं उत्तर घरी ठाऊक आहे.