चवळीवरच्या हिरव्या माश्या

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. सासरी-माहेरी सगळ्यांनी ती सोसली, पण एका बाईला तिचा जो चटका बसला तो आठवला की आजही माझी मलाच लाज वाटते.

पन्नासच्या दशकाची अखेर असेल. मालवणात आमच्या परसाच्या कुंपणापलीकडे आमच्याच मालकीची थोडी वाळूची जागा होती. शेजारची काकी तिथे मासळी सुकवायची. सासूबाईंनीच तिला तशी मुभा दिलेली. माडाच्या झापांवर बांगडे, सुंगटं पसरायची आणि आपल्या दारात बसून कावळे हाकलायची, मध्येच उठून चुलीवरचा भात बघायची. तिचे गुडघे गेले होते, म्हणून घराजवळची ही जागा तिला फार सोयीची. आम्हीही तिचीच सुकट खात होतो, हे सांगायलाच हवं.

त्या वर्षी पाऊस ओसरल्यावर मी परसात चवळी लावली. थोड्याच दिवसांत पानांवर बारीक, हिरव्या, चकचकीत माश्या दिसू लागल्या. बाजारात नासक्या मासळीवर हिरवी माशी बसते, ती आम्ही लहानपणापासून बघितलेली. झालं! माझ्या डोक्यात पक्कं बसलं की या काकीच्याच मासळीच्या माश्या. तशीच तरातरा कुंपणापाशी गेले आणि विहिरीवर पाण्याला आलेल्या चार बायकांदेखत तिला सुनावलं, "उद्यापासून ह्यो कुसको बाजार हयसर नको."

काकी एवढंच म्हणाली, "बरां बाये." दुसऱ्या दिवसापासून डोक्यावर टोपली घेऊन ती पार किनाऱ्यावर जाऊ लागली. मासळी राखायला दिवसभर तिथेच उन्हात बसायची.

आठ दिवस झाले. वाळू रिकामी, आणि माश्या होत्या तेवढ्याच! आपण चुकलो हे मला तेव्हाच कळलं. पण कबूल कोण करणार? मी ढेकणांची पावडर आणली आणि सगळ्या वेलांवर भुरभुरली. माश्या गेल्या. पंधरवड्यात चवळीचे शेंडे माव्याच्या किडीने काळे झाले, पानं चिकट, शेंगा वाकड्या.

एका सकाळी किनाऱ्याकडे निघालेल्या काकीने ते बघितलं. टोपली खाली ठेवून तिने मला आपल्या दारातल्या भोपळ्याच्या वेलापाशी नेलं आणि एका पानावर बोट दाखवलं. तशीच माशी. आयुष्यात पहिल्यांदा मी वाकून ती नीट पाहिली. तांदळाच्या दाण्याएवढी, सडपातळ, लांब काटकुळ्या पायांवर उंच उभी. बाजारातली माशी जाडी, घोंघावणारी. ही मुकाट उन्हातल्या पानावर इकडून तिकडे सरकत होती. बघता बघता तिने माव्याचा एक किडा धरला.

"ही मासळीक शिवणा नाय," काकी म्हणाली. "ही मावो खाता."

मग त्या दिवशीच का नाही बोललीस, असं मी तिच्यावरच उसळून विचारलं.

"तू इचारूक नाय इललंस, बाये. सांगूक इललंस."

मान वर होईना. उद्यापासून हयसरच सुकय, एवढंच म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं.

"चाय घेतंस?" मी म्हटलं.

तिने आमच्या मागच्या दारात उभ्या उभ्या चहा घेतला, कप स्वतःच विसळून पालथा घातला, आणि टोपली डोक्यावर चढवून किनाऱ्याच्या वाटेला लागली. मी तिला हाक मारली नाही.