आतल्या खोलीतून उत्तर

आमची आत्या इंग्रजी शिकवते, पण सूर अजून टेलिफोन ऑपरेटरचाच: "हंऽ, बोला, पुढचे!" समोर नर्सबाई, शिंपीदादा आणि एक वेल्डर. तिघांनाही परदेशी नोकरीसाठी मुलाखत द्यायचीय.

'असं झालं तर तसं होईल' ही वाक्यं शिकवायची तिची खास रीत होती. अर्धं वाक्य ती बोलायची. उरलेलं तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, आतल्या खोलीतून, रेडिओ दुरुस्त करता करता ओरडायचे.

"इफ यू हीट आइस..."

"इट मेल्ट्स! चहा टाकतेस का?"

मग एका पहाटे काकांच्या छातीत कळ आली. तिला न उठवता ते एकटेच दवाखान्यात गेले, ते गेलेच.

आत्याने क्लास पुन्हा सुरू केला. अर्धं वाक्य बोलायची आणि आतल्या दाराकडे बघत थांबायची. थांबायची म्हणजे थांबायचीच.

नर्सबाई माझ्या कानात कुजबुजल्या, "अगं, अंगावर काटा येतो. असंच चाललं तर आम्ही दुसरीकडे जातो."

क्लास मोडला तर आत्या बोलणार कुणाशी? कुणाचाही आवाज काढणं तर माझ्या डाव्या हातचा मळ. मी गुपचूप आत जाऊन बसले.

"इफ यू मिस द बस..."

"यू विल बी लेट!" घोगरा, शेवटाला उगाच वर चढणारा, थेट काकांचा.

वेल्डरचं पेन पडलं. आत्या वळली नाही. "करेक्ट," म्हणाली आणि धडा सुसाट सुटला. काय मजा आली म्हणून सांगू!

मग तिसरा प्रकार आला: जे घडलंच नाही, त्याची वाक्यं.

"इफ यू हॅड वोकन मी अप..." आत्या म्हणाली. तू मला उठवलं असतंस, तर...

माझ्याकडे काकांचा आवाज होता, वाक्य नव्हतं.

"यू वुड हॅव शाउटेड!" काका म्हणाले. म्हणजे मीच.

शिंपीदादा फिसकन हसले. आत्याही हसली. "ओरडलेच असते! गल्ली उठवली असती. डॉक्टर घरी आले असते." खडू मोडला. मग म्हणाली, "बाहेर ये, पोरी. आता इथे बसून सांग. तुझ्या आवाजात."

मी समोर बसले.

"इफ आय कॉल यू..."

"आय विल कम!"

"तुझ्या आवाजात गं."

"माझाच काढतेय," मी म्हणाले. घोगरा. शेवटाला वर चढणारा.